कायदा अपुरा पडतो तिथे नीती बोलू लागते

प्रश्न असा विचारण्यात आला आहे की, बलाढ्य राष्ट्रे परक्या देशात सैन्य किंवा विमाने पाठवताना मानवता, स्वातंत्र्य, लोकशाही हेच शब्द पुन्हा पुन्हा का वापरतात, या शब्दांना निव्वळ ढोंग समजावे का, आणि वृत्तपत्र वाचणाऱ्या सामान्य माणसाने त्यांतील खरे-खोटे ओळखावे कसे. मी बरीच वर्षे कायद्याच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि त्यातील मोठा काळ सुरक्षा परिषदेचे ठराव व त्यांवरील भाषणे शब्द न् शब्द वाचण्यात गेला. त्या वाचनातून माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो. कायद्याने दिलेली परवानगी आणि सत्तेची प्रत्यक्ष इच्छा यांच्यात जेव्हा अंतर पडते, तेव्हा ते बुजवण्याचे काम नीतीच्या भाषेकडे सोपवले जाते. म्हणून हे शब्द प्रामाणिक आहेत की नाहीत, हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारतो. ते कोणत्या दिवशी आले आणि कोणत्या दिवशी निघून गेले, हे आधी पाहतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा करताना कंपनी सरकारला प्रजेच्या हालअपेष्टांची आठवण काढावी लागली नाही. छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज औरस पुत्राविना वारले होते, त्यांनी अखेरच्या क्षणी घेतलेला दत्तक सरकारने नामंजूर केला आणि प्रकरण वारसाहक्काच्या कागदांवर मिटवले गेले. त्यांच्या आधीचे, पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे दाद मागितली, तीही तह, हक्क आणि पुरावा यांच्याच भाषेत. कारण भांडण त्याच भाषेतले होते. पुढे झाशी आणि नागपूर येथेही वारस नामंजूर करण्याचे हेच हत्यार पुरले.

अवधमध्ये मात्र ते चालण्यासारखे नव्हते. तिथला नवाब वाजिद अली शाह हयात होता, त्याला मुलगे होते, आणि त्याच्या घराण्याने नेपाळच्या युद्धासाठी कंपनीला कोट्यवधी रुपये कर्जाऊ दिलेले होते. १८०१ च्या तहाने नवाबाला कंपनीच्या सल्ल्याने सुधारित कारभार करण्याचे बंधन घातले होते, पण राज्यच ताब्यात घेण्याचा अधिकार त्या तहात कुठेही नव्हता. १८३७ मध्ये केलेल्या नव्या तहात गैरकारभार असलेल्या भागाचे व्यवस्थापन हाती घेण्याची मुभा होती. तो तह लंडनच्या संचालकांनी नामंजूर केला आणि ही गोष्ट लखनौच्या दरबाराला पूर्णपणे कळवलीच गेली नाही. थोडक्यात, कायद्याची शिडी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचत नव्हती. नेमक्या याच जागी ‘प्रजेचे हाल’ हे शब्द मध्यभागी आले. रेसिडेंटांच्या (दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधींच्या) अहवालांत लुटारू तालुकदार (मोठे जमीनदार), बेलगाम महसूल-अधिकारी, नाचगाण्यात रमलेला राजा यांची वर्णने वाढत गेली आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये, लाखो लोकांच्या छळाला हातभार लावणे ब्रिटिश सरकारला यापुढे शक्य नाही, अशा अर्थाची भूमिका घेऊन अवध खालसा झाले.

त्या वर्णनांत तथ्य होते, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. अवधमधील शेतकरी खरोखर पिळला जात होता. पण १८०१ मध्ये तैनाती फौजेच्या खर्चापोटी निम्म्याहून अधिक मुलूख कंपनीने स्वतःच काढून घेतला होता, उरलेल्या मुलखात नवाबाचे सैन्य नावापुरते ठेवले होते, आणि त्यामुळे तालुकदारांना वठणीवर आणण्याचे बळ त्याच्याकडे उरलेच नव्हते. रोग्याला आधी बांधून ठेवायचे आणि मग तो चालत नाही म्हणून त्याचे घर ताब्यात घ्यायचे, असा हा प्रकार होता. याहून बोलकी गोष्ट म्हणजे, १८४९-५० मध्ये गावोगाव फिरून या गैरकारभाराची सर्वांत सविस्तर नोंद करणारा रेसिडेंट विल्यम स्लीमन हा स्वतः राज्य खालसा करण्याच्या विरोधात होता. निदान त्याचे वापरले गेले, उपचार मात्र नाकारला गेला. पुढे जे उदाहरण मी घेणार आहे त्यातही पुरावा गोळा करणारे आणि निर्णय घेणारे यांच्यातील ही फारकत दिसेल.

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद आली आणि खेळाचे नियम बदलले. सनदेच्या कलम २(४) ने दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर आणि त्याची धमकी या दोन्हींना मनाई केली, आणि फक्त दोन दारे उघडी ठेवली: कलम ५१ नुसार सशस्त्र हल्ल्याविरुद्ध स्वसंरक्षण, किंवा सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेची परवानगी. दुसऱ्याच्या देशातील अन्याय दूर करण्यासाठी स्वतंत्र दार ठेवलेले नाही. निकाराग्वाच्या खटल्यात १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला हेच सुनावले, की मानवी हक्कांचे पालन करवून घेण्यासाठी बळाचा वापर हा योग्य मार्ग होऊ शकत नाही. दारे अरुंद झाल्यामुळे युद्धे थांबली नाहीत. दारात न मावणारे सामान आत नेण्यासाठी लागणारी भाषा मात्र अधिक कसबी झाली.

आता लिबियाकडे येतो. २०११ चे हे प्रकरण मी वर्गात सर्वाधिक वेळा शिकवले, कारण या एकाच प्रकरणात परवानगी, तिचे ताणणे आणि नंतरचे मौन, अशा तिन्ही अवस्था दोन-चार वर्षांच्या अवधीत कागदावर सापडतात.

मुअम्मर गडाफीच्या राजवटीची क्रूरता २०११ मध्ये उघडकीस आली असे कोणी म्हणू शकत नाही. त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात जून १९९६ मध्ये सुमारे १२०० कैद्यांची हत्या झाली होती. तरीही गडाफीने डिसेंबर २००३ मध्ये संहारक अस्त्रांचा कार्यक्रम सोडल्याचे जाहीर करताच वातावरण पालटले. मार्च २००४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर त्याच्या तंबूत जाऊन भेटले. डिसेंबर २००७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी पॅरिसमध्ये त्याचे स्वागत केले आणि तिथेही त्याचा तंबू उभारला गेला. ऑगस्ट २००८ मध्ये इटलीने त्याच्याशी मैत्रीचा करार केला, ज्यात वीस वर्षांत पाच अब्ज डॉलर देण्याचे आश्वासन होते आणि आफ्रिकेतून निघणारे स्थलांतरित अडवण्याची अपेक्षाही होती. मे २०१० मध्ये लिबिया संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेवर निवडून आला. अबू सलीमच्या कैद्यांच्या आया-बहिणी त्या काळातही बेंगाझीत निदर्शने करीत होत्या, पण त्यांच्यासाठी ‘संरक्षण’ हा शब्द कोणत्याही राजधानीत उच्चारला गेला नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये उठाव झाला आणि तो दडपण्यासाठी गोळीबार झाला. २६ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने ठराव १९७० एकमताने केला. शस्त्रबंदी, मालमत्ता गोठवणे आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे प्रकरण सोपवणे या गोष्टी त्यात होत्या आणि भारतानेही बाजूने मत दिले होते. १२ मार्चला अरब लीगने उड्डाणबंदीची, म्हणजे लिबियाच्या आकाशात विमाने उडू न देण्याची, मागणी केली. १७ मार्चला ठराव १९७३ दहा मतांनी मंजूर झाला. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी हे पाच देश तटस्थ राहिले. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती फार थोडी हाती असताना एवढे मोठे पाऊल उचलले जात आहे, असा भारताच्या प्रतिनिधीचा आक्षेप होता. १५ हजारांहून अधिक भारतीयांना तिथून सुखरूप परत आणण्याचे काम त्याच सुमारास झाले होते, त्यामुळे हा आक्षेप केवळ पुस्तकी नव्हता.

ठरावाचा चौथा परिच्छेद मी विद्यार्थ्यांना भाषणांशिवाय, नुसता वाचायला देत असे. हल्ल्याच्या धोक्याखाली असलेल्या नागरिकांच्या व नागरी वस्तीच्या संरक्षणासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’ योजण्याची मुभा, आणि लिबियाच्या कोणत्याही भागावर कोणत्याही स्वरूपाचे परकी सैन्य ताबा घेणार नाही ही मर्यादा, एवढेच त्यात आहे. राजवट बदलण्याविषयी एक अक्षरही नाही. १९ मार्चला हवाई हल्ले सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी अरब लीगचे सरचिटणीस अम्र मूसा यांनी, आम्ही मागितले होते ते नागरिकांचे संरक्षण, बाँबफेक नव्हे, अशी तक्रार केली. २८ मार्चच्या भाषणात अध्यक्ष ओबामा यांनी, लष्करी मोहिमेत सत्तापालटाचा समावेश करणे ही चूक ठरेल, असे स्पष्ट सांगितले.

यानंतर तीनच आठवड्यांत, एप्रिलच्या मध्यावर, ओबामा, ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आणि सार्कोझी यांनी मिळून एक लेख प्रसिद्ध केला. त्यातील युक्तिवाद असा होता की, ठरावाने आमच्यावर सोपवलेले काम नागरिकांच्या संरक्षणाचे आहे, गडाफीला बळाने हटवण्याचे नाही. पण गडाफी सत्तेवर असताना लिबियाच्या भवितव्याची कल्पनाच करता येत नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा सांधा त्या ‘पण’मध्ये आहे. ‘पण’च्या अलीकडे कायदा बोलतो, पलीकडे नीती, आणि विमाने ‘पण’च्या पलीकडे जाऊन उडाली. ज्याने स्वतःच्या प्रजेवर तोफा रोखल्या त्याच्या हाती ती प्रजा पुन्हा सोपवणे हा विश्वासघात ठरेल, असे म्हटल्यावर त्याला विरोध करणारा माणूस आपोआप निर्दयांच्या पंगतीत जाऊन बसतो. इथे नीतीच्या भाषेने खोटे बोलण्याची गरज नव्हती. चर्चेतून ‘एवढी परवानगी मुळात होती का’ हा एक प्रश्न तिने उचलून बाजूला ठेवला, तेवढे पुरले.

३१ मार्चपासून सूत्रे नाटोकडे होती. ३१ ऑक्टोबरला मोहीम संपेपर्यंत नाटोच्या विमानांनी २६ हजारांहून अधिक उड्डाणे केली, त्यांपैकी ९७०० हून अधिक हल्ल्यासाठीची होती. दरम्यान आफ्रिकी संघाने १० मार्चलाच तोडग्याचा आराखडा तयार केला होता आणि दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष जेकब झुमा एप्रिलमध्ये त्रिपोलीला जाऊन आले होते. बंडखोरांनी, गडाफी जाणार नसेल तर बोलणी नाहीत, म्हणून तो आराखडा फेटाळला, आणि हल्ले करणाऱ्या राष्ट्रांनी त्यांना बोलणीच्या बाजूला वळवण्याचा मनापासून प्रयत्न केला नाही. २० ऑक्टोबरला सिर्तजवळ गडाफी मारला गेला. त्याच्या वाहनांच्या ताफ्यावर आधी नाटोच्या विमानांनी हल्ला केला होता. पळून जाणाऱ्या ताफ्यापासून त्या क्षणी कोणत्या नागरिकांना धोका होता, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचे, आणि त्याला मला समाधानकारक उत्तर कधी देता आले नाही.

तावर्गाची गोष्ट तर त्याहून बोचरी आहे. मिस्राताच्या दक्षिणेला असलेल्या या गावात प्रामुख्याने कृष्णवर्णीय लिबियन राहत होते आणि गडाफीच्या सैन्याला त्यांनी साथ दिल्याचा आरोप होता. ऑगस्ट २०११ मध्ये मिस्राताच्या सशस्त्र टोळ्यांनी ते गाव रिकामे केले. सुमारे ४० हजार लोक परागंदा झाले, घरे जाळली गेली. नागरिकांच्या संरक्षणाचा ठराव तेव्हा लागू होता आणि विमाने आकाशात होती. ठरावात ‘नागरिक’ या शब्दाला कोणतेही विशेषण जोडलेले नव्हते, पण व्यवहारात त्याचा अर्थ ‘आपल्या बाजूचे नागरिक’ असा आकुंचन पावला होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने आपल्याच सरकारच्या या कृतीची चौकशी करून अहवाल दिला. नागरिकांना असलेला धोका वाढवून सांगितला गेला, बंडखोरांतील जहाल इस्लामी गटांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, आणि संरक्षणाची मर्यादित मोहीम घसरत सत्तापालटाच्या धोरणात गेली, असा तिचा निष्कर्ष होता. गडाफीने बंडखोरांच्या ताब्यातील बेंगाझीविषयी ‘दया दाखवणार नाही’ असे म्हटले होते हे सर्वांना आठवते; शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना सोडून देऊ, असेही त्याच भाषणात होते, आणि मार्चमध्ये त्याच्या सैन्याने परत घेतलेल्या गावांत सरसकट कत्तल झाली नव्हती, याकडे समितीने लक्ष वेधले. याचा अर्थ बेंगाझी सुरक्षित होती असा मी करीत नाही. त्या शहरात काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तिथल्या माणसांनी विमानांचे स्वागत केले होते हेही खरे आहे. पण ज्या माहितीवर निर्णय झाला ती किती तोकडी होती, हे तटस्थ राहिलेल्या देशांनी मतदानाच्या दिवशीच सांगितले होते.

२०१४ पासून लिबियात दोन सरकारे उभी राहिली, २०१९ मध्ये पूर्व लिबियातील सेनानी खलिफा हफ्तारच्या फौजा त्रिपोलीवर चालून आल्या, गडाफीच्या कोठारांतील शस्त्रे सहारा ओलांडून मालीपर्यंत पोहोचली. त्या वर्षांतही लिबियातील नागरिकांचा जीव स्वस्तच होता, पण ‘संरक्षणाची जबाबदारी’ (सरकार स्वतःच्या प्रजेचे रक्षण करीत नसेल तर ते जगाने करावे, हे तत्त्व) हे शब्द त्यांच्यासाठी त्या जोराने पुन्हा ऐकू आले नाहीत. युरोपीय राजधान्यांचे लक्ष तोवर पुन्हा भूमध्य समुद्रातील स्थलांतरितांच्या बोटींवर, म्हणजे २००८ च्याच विषयावर, आले होते.

शब्द उशिरा येतो आणि लवकर जातो, याची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात देतो. अफगाणिस्तानवरील हल्ला ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा अमेरिकेने सुरक्षा परिषदेला दिलेल्या पत्रात आधार घेतला होता तो स्वसंरक्षणाचा. अफगाण स्त्रियांची मुक्ती हा मुद्दा नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षांच्या पत्नीच्या आकाशवाणी भाषणातून, ठळकपणे पुढे आला आणि नंतर जवळजवळ वीस वर्षे तो युद्धाचे एक ठळक समर्थन म्हणून वापरला गेला. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेने तालिबानशी दोहा येथे केलेल्या करारात मात्र स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेखच नाही. सैन्य आणताना लागलेला शब्द सैन्य परत नेताना लागला नाही. (त्या मोहिमेचे पहिले नाव ‘अमर्याद न्याय’ अशा अर्थाचे होते, असा न्याय केवळ ईश्वराचा, अशी हरकत मुस्लिमांकडून आल्यावर ते बदलून ‘चिरस्थायी स्वातंत्र्य’ करण्यात आले. नावे ठेवण्याच्या या कलेवर वेगळा लेख होईल.)

इराकमध्ये क्रम उलटा होता. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे सद्दाम हुसेनच्या सैन्याने रासायनिक अस्त्रांनी हजारो कुर्दांना मारले, तेव्हा अमेरिका इराणविरुद्धच्या युद्धात इराकच्या बाजूने झुकलेली होती आणि हलब्जाचा दोष काही अंशी इराणवरही टाकण्याचा प्रयत्न वॉशिंग्टनमधून झाला. पंधरा वर्षांनी तेच हलब्जा युद्धाचे कारण म्हणून भाषणांत आले. कायद्याच्या बाजूने हाताशी होते ते १९९० च्या जुन्या ठरावाचे पुनरुज्जीवन झाल्याचा ताणलेला युक्तिवाद. ब्रिटनच्या महान्यायवाद्यांनी ७ मार्च २००३ च्या गोपनीय सल्ल्यात, सत्तापालट हे लष्करी कारवाईचे उद्दिष्ट असू शकत नाही, असे लिहून ठेवले होते. अस्त्रे सापडली नाहीत, तसतसे लोकशाही आणि स्वातंत्र्य हे शब्द भाषणांत वाढत गेले.

त्याच वेळी दिल्लीत घडलेला एक प्रसंग भाषेच्या विद्यार्थ्याने विसरू नये असा आहे. एप्रिल २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याविषयी संसदेत ठराव करायचा होता. विरोधकांना कडक धिक्कार हवा होता, सरकारला इंग्रजीत खेद आणि नापसंती यांच्या मधला सौम्य शब्द हवा होता. तोडगा निघाला तो ‘निंदा’ या शब्दाने. इंग्रजी प्रतीत सौम्य शब्द राहिला, हिंदी ठरावात ‘निंदा’ आली आणि ज्याला जो अर्थ हवा तो त्याने घेतला. जुलैमध्ये मात्र, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना भारतीय सैन्य इराकमध्ये जाणार नाही, असा निर्णय झाला आणि त्यात दुहेरी अर्थाला जागा नव्हती.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग नीतीची भाषा ऐकताच कान बंद करावेत. या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण रवांडा आहे. एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत तिथे सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने तिथल्या शांतिसेनेची संख्या २७० वर आणण्याचे ठरवले. वॉशिंग्टनचे प्रवक्ते अनेक आठवडे ‘वंशसंहार’ हा शब्द टाळत होते आणि जूनमध्येसुद्धा ‘वंशसंहाराच्या कृती’ अशी शब्दयोजना करीत होते, कारण पूर्ण शब्द उच्चारला तर काहीतरी करण्याचे बंधन येईल, अशी भीती होती. तिथे कृती करण्याची इच्छाच नव्हती, म्हणून शब्द कुलूपबंद ठेवला गेला. नीतीच्या भाषेचा गैरवापर तिच्या गोंगाटाने होतो, तसाच तिच्या अनुपस्थितीनेही होतो, आणि दुसरा प्रकार वाचकाच्या लक्षात येत नाही, कारण न बोललेले छापले जात नाही.

ही भाषा केवळ पाश्चात्त्यांची आहे, या समजुतीतही राहू नये. १९९९ मध्ये परिषदेच्या परवानगीविना नाटोने कोसोव्होच्या प्रश्नावरून ७८ दिवस युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले केले, आणि ते ‘बेकायदेशीर पण न्याय्य’ होते, असे एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने म्हटले. ते वाक्य मॉस्कोत नीट वाचले गेले असणार. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया रशियात सामील करताना पुतिन यांनी कोसोव्होचा दाखला दिला, आणि २४ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात, युक्रेनवरील आक्रमणाच्या समर्थनार्थ, पूर्व युक्रेनमधील डोनबासच्या लोकांचा वंशसंहार थांबवण्याची भाषा वापरली. शब्द तेच, चाल तीच, वापरणारा दुसरा. १६ मार्च २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लष्करी कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश १३ विरुद्ध २ मतांनी दिला. भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतात होते. आदेश पाळला गेला नाही.

आपल्या देशाला हाच गज लावला तर काय दिसते, हे सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच आपल्या सरकारच्या मौनाविरुद्ध तार पाठवली होती. पण पाकिस्तान हा अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्यासाठी चीनकडे जाणारा पूल होता आणि त्या पुलावरून जाताना खाली पाहायचे नव्हते. डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी, आमचे हेतू अत्यंत शुद्ध आहेत, पूर्व बंगालच्या लोकांना यातनांतून सोडवण्याचे आहेत, असे सांगितले. तरीही भारताचा कायदेशीर आधार होता तो ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्यानंतरच्या स्वसंरक्षणाचा. ७ डिसेंबरला आमसभेने युद्धबंदीच्या बाजूने १०४ विरुद्ध ११ असा कौल दिला; जगातील बहुसंख्य राष्ट्रांनी, ज्यांत नवस्वतंत्र देशही होते, आपले म्हणणे मान्य केले नाही. भारताचा राजकीय लाभ यात होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून परतले होते. शब्द संपल्यावर सैन्यही तिथे रेंगाळले नाही, ही गोष्ट माझ्या हिशेबात भाषणातील शुद्ध हेतूंपेक्षा जड भरते.

१९७९ मध्ये व्हिएतनामने कंबोडियातील आणि टांझानियाने युगांडातील अत्याचारी राजवटी उलथवल्या, तेव्हाही त्यांनी मुख्यतः स्वसंरक्षणाचाच आधार सांगितला. ज्यांच्याकडे मानवतेचा सर्वांत बळकट दावा होता त्यांनीच त्याचा आधार कमी घेतला, ही विसंगती सनदेच्या त्या दोन दारांमुळे आली आहे. परंतु १९८७ मध्ये आपण वेगळे वागलो. भारताने पाठवलेल्या मदतीच्या नौका श्रीलंकेच्या नौदलाने परतवल्यावर, ४ जूनला हवाई दलाच्या एएन-३२ विमानांनी जाफनावर अन्नधान्य आणि औषधे टाकली, आणि त्या विमानांच्या संरक्षणाला मिराज-२००० लढाऊ विमाने होती. दिल्लीने या कृतीला मानवतावादी मदत म्हटले. कोलंबोने सार्वभौमत्वाचा भंग म्हटले. जाफनात टंचाई खरी होती. त्याच काळात तमिळ बंडखोर गटांना भारतात प्रशिक्षण मिळत होते, हेही खरे होते. २९ जुलैला करार झाला, शांतिसेना गेली, ऑक्टोबरपर्यंत ज्यांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्याच वस्त्यांत लढू लागली, आणि मार्च १९९० मध्ये परतेपर्यंत सुमारे १२०० भारतीय जवान गमावून बसली. धान्याच्या पोत्यांसोबत लढाऊ विमाने का, हा प्रश्न कोलंबोने विचारला म्हणून चुकीचा ठरत नाही.

तेव्हा वाचकाने करायचे काय, तर भाषण बाजूला ठेवून मूळ परवानगीचा कागद शोधावा. सुरक्षा परिषदेचे ठराव सर्वांना वाचायला उपलब्ध असतात आणि बहुधा चार-सहा पानांचे असतात. त्यात लिहिलेले आणि भाषणात मागितलेले यांची तुलना केली की जादा भाग आपोआप उघडा पडतो. जो अत्याचार आज असह्य झाला आहे तो दहा वर्षांपूर्वी असताना त्याच राष्ट्राने काय विकले, काय विकत घेतले, कोणासोबत छायाचित्र काढले, हे पाहावे. आणि युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांनी तोच शब्द त्याच लोकांसाठी कोणी वापरतो आहे का, हे तपासावे. ही शेवटची तपासणी कोणीच करीत नाही, कारण तोवर बातमी दुसऱ्या देशात गेलेली असते.

हस्तक्षेप कधीच नको, असे माझे मत आहे का, हेही विचारण्यात आले आहे. नाही. रवांडात शांतिसेना वाढवायलाच हवी होती. १९७१ मध्ये भारताने थांबून राहायला हवे होते असे मला वाटत नाही. माझा आग्रह परवानगीच्या मर्यादेबद्दल आणि तिच्या हिशेबाबद्दल आहे. लिबियानंतर, नोव्हेंबर २०११ मध्ये, ब्राझीलने नेमके हेच सुचवले होते, की संरक्षणासाठी बळ वापरण्याची परवानगी मिळाल्यावर ती कशी वापरली जाते यावर परिषदेने सतत देखरेख ठेवावी आणि बळ वापरणाऱ्यांनी उत्तरदायी राहावे. पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्या प्रस्तावाचे थंड स्वागत केले. त्याच्या महिनाभर आधी, ४ ऑक्टोबरला, सीरियातील हिंसाचाराचा निषेध करणाऱ्या सौम्य ठरावावरही रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला होता, आणि त्या वेळी रशियाने लिबियाचे उदाहरण उघडपणे पुढे केले होते. ब्राझीलचा प्रस्ताव नंतर मतदानापर्यंत पोहोचलाच नाही.